गॅलरीतली निळी साडी

शारजा, शुक्रवार

प्रिय प्रसन्ना,

मी बरा आहे. अम्मेचा खोकला कसा आहे?

दुबईत कामाशेजारीच इतर पुरुषांसोबत एका खोलीत खाट मिळत होती, पण तू येणार म्हणून मी शारजात घर घेतलं. जाता-येता बसमध्ये झोप होते, काळजी करू नकोस.

या इमारतीत एकट्या पुरुषाला राहू देत नाहीत. म्हणून घरून आणलेली तुझी निळी साडी रोज धुऊन गॅलरीत वाळत घालतो. काल शेजारच्या, थोरल्या बहिणीसारख्या आलिसचेची म्हणाल्या, "काय रे शशी, बायकोला एकच साडी घेतलीस होय?" मी हसलो.

यंदाही तुझं येणं होत नाही, कळलं. अम्मेला कुणावर टाकून येणार? दुबईतली खाटही आता गेली.

कुणी इकडे येणार असेल तर तुझी नेसणीतली आणखी एक साडी पाठव. धुऊ मात्र नकोस.

तुझाच,
शशांगन