सकाळची पाठ

२ नोव्हेंबर, रविवार

आज उठताच येईना. कूस बदलून, भिंत धरून कसाबसा उभा राहिलो. पाठ लाकडासारखी. बोटं बी वळंनात.

सोमनाथ, माझ्या खोलीवरचा, म्हणला उसण भरली. तो पायाळू जन्मलाय. बिडकीनात कुणाची बी पाठ धरली की ह्याची लाथ खायाला खोलीवर येतेत. "हो पालथा, पाव्हण्या. तुला फुकट." हाणली. काय फरक नाय. वर मलाच म्हणतो, "तुझी पाठच बेइमान हाय."

बाची पाठ अशीच. पहाटं मेंढरांच्या वाड्यात काठीला लोंबकळून उभा राहायचा. आता पार वाकलाय. मायला फोनवर सांगितलं — मेंढरं विका, बाला बाजंवर बसवा. मी कमवतो ना इथं. बा मागून म्हणला, "बसून करू काय रं?"

आराम कर म्हणलं. जन्मात कधी केलाय का?

३ नोव्हेंबर

काल दिवसभर लोळलो तर आज जास्तीच धरली. कंपनीत पेट्या उचलायचं भ्याव वाटलं. पण उचलल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाठ मोकळी! अजबच.

पाठीनं दगा दिला तर काम जाईल. मग बाला बसवून कोण खाऊ घालणार? ही पाठ नीट करायचीच.

६ नोव्हेंबर

गुलमंडीतून कापसाची जाड गादी आणली. रजा टाकून दिवसभर पडलो. सोमनाथ म्हणला, "गादी नवरदेवाची, पाठ म्हाताऱ्याची."

७ नोव्हेंबर

गादीनं काय नाय झालं. उलट वाईट.

९ नोव्हेंबर

बा कबूल झाला. बुधवारच्या बाजारात मेंढरं नेणार. जिंकलो. माय म्हणली, तुझा बा जेवला नाय आज. होईल सवय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. लई गर्दी. एक्सरे, रक्त, सगळं झालं. डॉक्टरीण योगिनी मॅडम. त्यांनी इचारलं, "झोपल्यावर बरं वाटतं की हिंडल्याफिरल्यावर?" हे आजपर्यंत कुणी इचारलंच नव्हतं. हिंडल्यावर, म्हणलं.

"मग ही उसण नाही, अन् दमल्यामुळं बी नाही. कण्याच्या सांध्यांना आतून सूज येते. पडून राहिलास की आखडतात. गोळ्या देते. पण रोज चालायचं, पाठ ताणायची. बसून राहायचं नाही."

"बरी होईल का?"

"मुळापासून जाईल असं नाही सांगत. पण वाकू द्यायची नाही. जमेल?"

"जमंल." पक्कं सांगितलं.

"घरात अजून कुणाला आहे असं?"

बाला, म्हणलं. पार वाकलाय.

"काय करतात ते?"

"मेंढरांमागं चालतेत दिवसभर."

"म्हणून तर अजून चालतायत."

गोळ्या घ्यायच्या आधी बाहेर येऊन फोन लावला. बाचा बंद. मायचा लागंना, गावाकडं रेंज नसंल. बाजार उद्याच हाय. लावतच राहिलो.

१२ नोव्हेंबर

सकाळी माय लागली. म्हणलं, बाजाराला जाऊ देऊ नको त्याला.

"बाजार कशाला? यापारी कालच दारात आला की टेम्पो घेऊन. समदी भरून नेली. तू म्हणलास तसंच केलं, बाळा."

"बा कुठाय?"

"बाजंवर. तू म्हणलास तसा आराम करतोय. आज उठलाच नाय अजून."

फोन ठिवला. पाठ धरलेली होती तरी खोलीतल्या खोलीत चालत राहिलो. सोमनाथ म्हणला, "जा तू. साहेबाला मी सांगतो."

१३ नोव्हेंबर

गाडीत बसायच्या आधी बाशी बोललो. उठ म्हणलं, काठी घे, चाल.

"कुणामागं चालू रं आता?"

"माझ्यामागं. निघालोय."