वच्छलेचा पहिला कमठा

शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी. मुक्काम मौजे पळसवाडी, परगणे अकोट.

मी दुर्गाबाई, भ्रतार कै. केशवराव इंगळे, बाप कै. खुशालराव भारसाकळे, धंदा शेती, हे मृत्युपत्र माझ्या तोंडाने सांगते आणि गावचे वामनराव कुळकर्णी ते कागदावर घेतात. वामनरावांनी आरंभी देह नश्वर असल्याच्या चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मी खोडायला लावल्या. देह नश्वर आहे हे माझ्या गुडघ्यांना पुरते ठाऊक आहे. मला नेमके सांगायचे आहे ते एवढेच, की मला ऐकू येते, समजते, कालचे आणि चाळीस वर्षांपूर्वीचे आठवते, आणि कोणी माझ्या डोक्यावर बसून हे लिहून घेत नाही. उलट वामनरावच दोनदा कंटाळून पान खायला उठले.

हे लिहायचे कारण असे. माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा महादेवराव चावडीवर सांगत फिरतो की काकूचे डोके ठिकाणावर राहिले नाही. मी डोळे मिटले की अकोल्याच्या कचेरीत जाऊन तो हेच सांगेल आणि माझे तीर मारायचे मैदान नांगराखाली घेईल. म्हणून आधीच बंदोबस्त.

कलम पहिले. ओढ्याकाठचे काळे वावर मला माझ्या बापाने दिले. त्यांना मुलगा नव्हता आणि मी एकटी होते. त्यात इंगळ्यांचा काडीचा संबंध नाही. हे वावर माझी सून सत्यवती हिने तिच्या हयातीत कसावे व खावे, आणि तिच्यामागे माझी नात वच्छला हिला जावे. माझा मुलगा पटकीच्या साथीत गेला तेव्हा सत्यवतीचे भाऊ तिला न्यायला आले होते. ती गेली नाही. माझ्याजवळ राहिली, आणि मी काही फार गोड सासू नव्हते. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही म्हणून कागदावर बोलते.

कलम दुसरे. घरात राहती खोली, बैलजोडी, तांब्याचे घंगाळ, माझ्या पाटल्या व सरी सत्यवतीच्या. माझे नेसूचे लुगडे गोदाबाई मागेल. ती शेजारीण पंचवीस वर्षे माझ्याकडून विरजण नेते आणि माझेच ताक पातळ म्हणून सांगते. तिला लुगडे द्यावे. विरजणाचे गाडगे देऊ नये.

कलम तिसरे. वावराच्या वरच्या अंगाला खडकाळ पट्टी आहे आणि तिच्या टोकाला मातीचा उंच ढिगारा. यास आम्ही निशाणाचे मैदान म्हणतो. माझ्या बापाने हा ढिगारा पाट्यांनी माती वाहून रचला आणि मी त्यावर तीर मारायला शिकले. पुढे याच हातांनी मी पिकात शिरणारी रानडुकरे पाडली. केशवरावांना कडब्याच्या गंजीवर तीर मारला तरी लागत नसे, पण रात्रीच्या जागलीला वावरातल्या मचाणावर माझ्याजवळ बसून ते मला खाली काय हलते ते सांगत. माझ्या सासूबाईंनी माझा तीरकमठा चुलीत घालायला काढला होता. केशवरावांनी तो काढून खुंटीला टांगला आणि म्हणाले, "माय, डुकरं तुह्या शिव्यायले भेत नाहीत." त्या दिवसापासून तो तिथेच आहे.

आता विलायतेच्या पलीकडे अमेरिकेत कोणाकोणाची लढाई लागली आहे, आणि त्यापायी आमच्याकडे कापसाला सोन्याचा भाव आला आहे. अमरावतीचे दलाल बांधावर येऊन बोंडे उघडायच्या आत सौदा करतात. लोकांनी गायरान नांगरले, पांदण नांगरली, खळी नांगरली. महादेव मला म्हणाला, "काकू, लोक खळ्यात पऱ्हाटी लावून राहिले, अन तुमी मातीच्या ढिगाऱ्याले जमीन देऊन बसल्या. काहून?"

मी त्याला म्हटले, "लढाई तिकडची, वावर इकडचं. ती सरल्यावर काय करशीन?"

तर माझी इच्छा अशी की हे मैदान वच्छलेचे. त्यावर नांगर चालू नये, सरकी पडू नये, ढिगाऱ्याची माती कोणी घराला नेऊ नये.

कलम चौथे. हे सर्वांत मोठे आहे. वामनराव, लेखणी नीट टोकदार करा.

माझ्या खोलीच्या भिंतीवर तीन कमठे आहेत. थोरला माझ्या बापाचा. मधला मी पुढे वापरला तो. धाकटा माझा पहिला. तिन्ही सातपुड्यातल्या वेळूचे, साल बाहेरच्या अंगाला आणि गाभा आत, दिवाळीनंतर वद्य पक्षात तोडून सावलीत वाळवलेले. वच्छला आता नऊ वर्षांची आहे. येत्या दसऱ्याला शस्त्रांची पूजा झाली की तिने आपला पहिला कमठा निवडायचा. मी तोवर असेन की नाही सांगवत नाही. रात्रीच्या खोकल्याचा रंग मी पाहिला आहे.

निवडायचे ते असे. कमठा देखणा आहे, बापजाद्यांचा आहे, भावकीत शोभेल, यातले काही पाहायचे नाही. अनवाणी उभे राहायचे. दोरी चढवून द्यायला मोठ्या माणसाने मदत करावी, मग हात मागे घ्यावेत. मुलीने बाण न लावता दोरी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत ओढावी, तशीच धरावी, आणि आपले नाव, बापाचे नाव व गावाचे नाव मोठ्याने सांगावे. आवाज हलला, अडला किंवा बारीक झाला, की तो कमठा आपला नाही. दोरी हळूहळू परत आणावी. बाण नसताना दोरी सोडून देऊ नये, त्याने वेळू फाटतो. कमठा खुंटीला ठेवावा आणि दुसरा घ्यावा. यात लाज नाही. माझे नाव थोरल्या कमठ्यावर 'दुर्गा' एवढ्यावरच अडकले होते, आणि माझा चुलतभाऊ पोट धरून हसला होता.

आणि यातला खरा नियम असा, की मुलगी निवडत असताना मोठ्या माणसांनी बोलायचे नाही. वाहवा नाही, हं नाही, खाकरणे नाही. हा नियम कशासाठी ते महादेवाच्या घरात सर्वांना माहीत आहे, पण कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. महादेव लहान असताना याच भिंतीपुढे उभा राहिला. त्याने थोरला कमठा उचलला. ओढला, आणि नाव सांगताना त्याचा आवाज थरथरला. तो खाली ठेवायच्या बेतातच होता. तेवढ्यात माझे दीर ओरडले, "शाब्बास! इंगळ्याचं पोट्टं हाय, ओढ!" बापाने शाब्बास म्हटल्यावर कोणते पोर कमठा खाली ठेवील? त्याने तोच घेतला, तोच ओढत राहिला, आणि दिवाळीच्या आत त्याचा खांदा निखळला. वैदूने बसवला तो वाकडा बसला. आजही महादेवाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मी दिरांशी त्यानंतर ते मरेपर्यंत बोलले नाही. ते गेले तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो मी कोणाला वाटूनही देत नाही, सोबत नेते.

वच्छलेच्या वेळी नियम पाळला जावा म्हणून नत्थुजी बोडखे यांनी तिच्याजवळ उभे राहावे, तिचा आवाज ऐकावा, आणि हलला तर कमठा तिच्या हातून काढून घ्यावा. नत्थुजी माझ्या बापाच्या हाताखाली कमठे करायला शिकले. वेळू तासायची माझी सुरी, वाकवायचा खाचेचा पाट आणि सरसाचे मडके त्यांचे.

कलम पाचवे. वच्छलेचे लग्न होईल तेव्हा तिचा कमठा तिच्यासोबत जाईल. ज्या घराला तो चालत नसेल त्या घरात मुलगी देऊ नये. सोयरीक कितीही मोठी असो.

कलम सहावे. महादेवरावास मी काही ठेवीत नाही. त्याच्याकडे पुष्कळ आहे, आणि

इथे लिहिणे थांबले. पुढचे वामनरावांनी जसे घडले तसे लिहावे असे मी सांगितले आहे.

महादेव स्वतःच दारात आला. अकोल्याला जायला निघालेला, डोक्याला पागोटे, दाराशी गाडी जुंपलेली. नत्थुजी साक्षीला बसले होते, सत्यवती उंबऱ्याशी उभी होती, वच्छला माझ्या पायाशी. त्याने कागद पाहिला आणि वामनरावांना म्हणाला, "लिहून घेऊन राहिले? अहो, तिले उठवत नाही बाजेवरून. उद्या मी कचेरीत इचारीन, हे मृत्युपत्र करनारं मानूस धड शुद्धीवर होतं का? काय सांगान तुमी?"

वामनरावांनी लेखणी दौतीत बुडवली. मला मात्र राग आला, आणि रागाने माणूस उठतो तशी मी उठले. म्हटले, "उद्या काहून इचारतं? आताच पाह्य." सत्यवती धरायला आली, तिला मी हाताने दूर केले. भिंतीपाशी गेले आणि थोरला कमठा काढला. बापाचा. नत्थुजींनी दोरी चढवून दिली. त्यांच्या तोंडावर जे होते ते मला दिसत होते, पण नियम माझाच होता, ते बोलणार कसे?

मी दोरी ओढली. ओठापर्यंत आणली, एवढे मात्र लिहा वामनराव, ओठापर्यंत आणली. आणि म्हटले, "दुर्गाबाई, बाप खुशाल—" तिथे माझा श्वास अडला. खोलीत कोणी हूं की चूं केले नाही. मी दोरी सोडणार नव्हते. हात तुटला असता तरी सोडणार नव्हते.

तेव्हा वच्छला उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, तुहा आवाज हालला. ठेव तो."

मोठ्यांनी बोलायचे नाही असा नियम आहे. ती मोठी नाही. आणि तिने शाब्बास म्हटले नाही.

मी दोरी हळूहळू परत आणली आणि कमठा खुंटीला ठेवला. मग वच्छलेने धाकटा काढून माझ्या हातात दिला, ज्यावर मी पहिल्यांदा माझे नाव पुरे सांगितले होते तो. दोरी ओठापर्यंत आली, धरली, आणि मी सांगितले: "दुर्गाबाई, बाप खुशालराव, भ्रतार केशवराव, मुक्काम पळसवाडी." आवाज हलला नाही. नत्थुजींनी, वामनरावांनी व महादेवाने ऐकला. मी शुद्धीवर असल्याचा पुरावा तो हाच, आणि माझ्या हातात आता जेवढे बळ आहे तेवढाच कमठा मी घेतला, हाही त्यातलाच.

महादेव तसाच उभा होता. पागोटे काढून हातात धरले होते. म्हणाला, "माह्याबी आवाज हालला होता, काकू."

"मले ऐकू आला होता रे," मी म्हटले. "तुह्या बापाच्या ओरडण्यातूनही ऐकू आला होता."

"'ठेव तो' असं कोणी म्हटलं असतं त मी ठेवला असता." एवढे बोलून तो खाली बसला, आणि मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते ते पाहिले, की महादेव रडतो आहे. दाराशी बैल घुंगरे वाजवीत होते. त्याने गाडीवानाला बैल सोडायला सांगितले.

म्हणून खालीलप्रमाणे दुरुस्ती.

कलम चौथ्यात नत्थुजींनी वच्छलेजवळ उभे राहावे असे सांगितले होते ते रद्द. तिने आपला कमठा आपण निवडावा. हललेला आवाज तिला कळतो, माझासुद्धा.

कलम सहावे वर अर्धे राहिले आहे. ते खोडून असे लिहावे. वच्छलेची निवड झाल्यावर भिंतीवर जे दोन कमठे उरतील त्यांतला एक महादेवाने घ्यावा. वाकड्या खांद्याला पेलेल तो घ्यावा, इंगळ्यांना शोभेल तो नव्हे. घेण्याआधी दोरी ओढून नाव सांगावे, आणि त्या वेळी वच्छलेने जवळ उभे राहून ऐकावे. निशाणाच्या मैदानावर त्याने केव्हाही यावे.

याउपर माझे काही सांगणे नाही. लिहिलेले मला दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा मी तीन ठिकाणी अडवले, दुसऱ्यांदा अडवले नाही. वामनराव म्हणाले की बायका बांगडीची निशाणी करतात. मी बांगडी कधीच उतरवली, तेव्हा माझ्या हाताला जे राहिले आहे तेच मी काढते.

निशाणी कमठ्याची, दुर्गाबाई भ्रतार केशवराव इंगळे यांच्या हातची.

लिहिणार, वामनराव कुळकर्णी, मौजे पळसवाडी, दस्तुर खुद्द.

साक्ष, नत्थुजी बोडखे, निशाणी सुरीची.

साक्ष, महादेवराव इंगळे, निशाणी नांगराची. हा नांगर मैदानावर चालणार नाही, हे मी कबूल करून निशाणी केली.