वरचं तेल

मु. अर्धापूर, जि. नांदेड
१८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. उज्वला हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. केळीच्या बागेत पाणी थांबलंय, तुझे दाजी सकाळपासून चर मारायलेत. गायीला कालवड झाली. सत्यमचा खोकला गेला का? माझ्या फोनवरून तुला फोन लागत नाही. आमच्या पुनमच्या फोनवरून लागला, तर माझा आवाज ऐकून तू बंद केलास. म्हणून हे पत्र.

आधी कामाचं. या उन्हाळ्याच्या लोणच्याच्या जेवढ्या बाटल्या तुझ्याकडं उरल्या असतील, त्या सगळ्या फेकून दे. वरची बुरशी चमच्यानं काढून 'खालचं चांगलं आहे' म्हणू नको. धुरी दिलेलं लोणचं नासत नाही असं तू गिऱ्हाइकांना सांगतेस. धुरीनं वास येतो, बाई. बाभळीच्या निखाऱ्यावर हिंग नि मोहरी टाकायची, वर बरणी पालथी धरायची, धूर कोंडला की सुलट करून लगेच फोडी भरायच्या. तो वास आपल्या आईचा. पण टिकवतं ते मीठ, आणि फोडीच्या वर उभं राहिलेलं तेल. बरणी उन्हात कडक वाळलेली हवी, ओला हात लागता कामा नये. हे तुला मी काय सांगायचं? आई बरण्या भरायची तेव्हा तोंडावर फडक्याचा दादरा तूच बांधायचीस.

मी पाठवलेल्या बरण्या लातूरला पोचल्या तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "ताई, इथल्या लोकांला तेल नको वाटतं. वरचं काढून बाटल्यांत भरायले."

"असं करू नको. उघडी फोड नासते. आन् बाटल्या वाळवतीस का?"

"वाळवायला गच्ची कुठाय? धुतल्या की भरायच्या. गावाकडचं गावाकडं राहू दे, ताई."

मला राग आला नाही. बाटलीवर 'उज्वलाचं धुरीचं लोणचं' छापलंस तेव्हाही आला नव्हता. धाकटी बहीण चार लोकांत उभी राहतेय, नाव कुणाचं का असेना.

एवढं लिहून मधेच उठले होते. गायीला पाणी दाखवून आले. आता लिहिते.

तुझ्या शेजारच्या राजकन्याच्या बाळाचं बारसं झालं. पंगतीत तुझं लोणचं होतं, आणि रात्रीतून माणसं ओकायला लागली. तिच्या सासूला, गंगम्मांना, दवाखान्यात ठेवावं लागलं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी आपली मुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन तुझ्या दारात आले, तर राजकन्याचा नवरा सिद्धलिंग तुझ्या बैठकीत उभा.

"वहिनी, काय होतं लोणच्यात?" तो विचारत होता.

तू म्हणालीस, "मी कुठं बनवते? माझी बहीण पाठवती खेड्यातून. तिथं हात धुतात का न्हाई, मला काय ठाऊक?"

उज्वला, 'बहीण' म्हणताना तुझी नजर दारात माझ्यावर आली. थांबली. आणि तरी तू वाक्य पुरं केलंस.

मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं बाजूला सरून मला वाट दिली. मी शेंगा उंबऱ्यावर ठेवल्या नि आले तशी वळले. वाटलं, मागून हाक मारशील. खाली रस्त्यावर थोडी थांबलेही.

घरी काही बोलले नाही. तू घाबरली असशील, फोन करशील, असं मनाला सांगत राहिले. पण तुझं बोलणं पाव्हण्यारावळ्यांतून फिरत अर्धापूरला येऊन पोचलं. महालक्ष्म्यांच्या पंगतीत दरवर्षीसारखी मी लोणच्याची वाटी ठेवली, तर धाकट्या जावेनं, सुकन्यानं, ती पदराखाली घेतली.

"राग मानू नका, बाई. लातूरच्या पाव्हण्यांनी सांगितलंय. लेकरं जेवायलीत."

कुणी मान वर केली नाही. तुझे दाजी भरल्या ताटावरून उठले. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. ते म्हणाले, "बहिणीचं नंतर बघ. ज्या म्हातारीला तरास झाला, तिच्याकडं आधी जाऊ."

परवा आम्ही गंगम्मांकडं गेलो होतो. तू खिडकीत होतीस. आम्हाला पाहून पडदा ओढलास.

त्याच खेपेची, आमच्या घरातली न उघडलेली बरणी नेली होती. त्यांच्यासमोर दादरा सोडला. तेल वर तसंच उभं. मी भाकरीशी खाल्लं, तुझ्या दाजींनी खाल्लं. गंगम्मा बघत होत्या.

"मला खा म्हणू नको, बाई. जीव भितो आता. पण मग आमच्या बाटलीत काय झालं, ते तेवढं सांग."

वाटेत उन्हानं नासलं म्हणाले असते तर खपलं असतं. बसमध्ये तसं ठरवूनच गेले होते मी. पण आम्हाला पाणी द्यायला ती म्हातारी भिंत धरत उठली, आणि माझ्यानं खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. तेल काढल्याचं, ओल्या बाटल्यांचं, मी नको म्हटल्याचं.

राजकन्या एवढंच म्हणाली, "त्या दिवशीचं सांगताना आमचे हे शेंगा ठेवून गेलेल्या एका बाईचं बोलले होते. त्या तुम्हीच का?"

ती माणसं तुझ्याकडं येतील. भांडायला नाही, तुझ्या तोंडून ऐकायला. तुझी गिऱ्हाइकंही तुटतील. माझ्या बोलण्यानं तुटतील, हे मला कळतं. ते तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिलं.

लोकांचं मी सोसलं असतं. पण हात धुतात का न्हाई म्हणालीस. सत्यम झाला तेव्हा तू कुणाला त्याच्याजवळ येऊ देत नव्हतीस. "ताईच न्हाऊ घालंल," म्हणायचीस. तेव्हा नाही विचारलंस.

दिवाळीनंतर पुनमचा साखरपुडा आहे. रीतीनं बोलावणं येईल. तिची मावशी म्हणून ये, पुढं बस, ओटी भरून घे. माझ्या स्वयंपाकघरात मात्र पाय ठेवू नको.

सत्यमला गोड पापा.

सौ. साखराबाई हनुमंत गव्हाणे