तुंगानं हाड सोडलं

शके १८३५, चैत्र शुद्ध ११

भर दुपारी आश्रुबा गुराखी अंगणात येऊन ओरडला — "माय, तुमची म्हैस हाड चघळायलीय!" मला वाटलं, चेष्टा करतोय. म्हैस आन् हाड! तशीच पायात वहाण न घालता त्याच्यामागं माळावर गेले. ओढ्याकाठी मेलेली जनावरं टाकतात, तिथं माझी तुंगा उभी. दाढेखाली बैलाच्या पायाचं हाड. लाळ गळतेय, डोळे अर्धे मिटलेले. ओढून काढायला गेले तर माझ्यावर शिंग उगारलं! वगार होती तेव्हापासून माझ्या हातची. कधी शेपूट मारली न्हाई.

परत आले तर उमापूरभर बोंब झालेली.

चैत्र शुद्ध १२

महादेवाला आमच्या घरचं दूध बंद. सासूबाईंच्या वेळेपासूनची सेवा, एका दिवसात संपली. बंद कुणी केली? घरच्यांनीच! शिवलिंगप्पा भावजी, माझे धाकटे दीर, गावचे दुकानदार आन् देवळाचे पंच. जेवताना माझ्याकडं न बघता बोलले, "वैनी, लिंगायताच्या दावनीला हाड खानारं जनावर? येत्या बाजारी इकून टाकतो."

मी म्हणाले, तिची आय माझ्या बापानं आंदण दिलेली. ती माझी हाय. श्रावणापर्यंत थांबा.

"श्रावणात काय होनार हाय?"

"बघाच तुमी."

तेवढ्यापुरतं ऐकलं त्यांनी. पण काय होणार हाय, मला तरी कुठं ठाऊक!

चैत्र शुद्ध १४

नीलम्मा ताक घेईना. जाऊ माझी, जिभेची गोड. "अक्का, राग मानू नका, पन पोटात ढवळतंय." विहिरीवर बायका कुजबुजतात — म्हशीला भूत लागलं. चरवीभर दूध द्यायची, आता तांब्याभर देते. मागचे पाय लाकडासारखे टाकते. बरगड्या मोजून घ्याव्यात! गेल्या साली पाऊस न्हाई, कडबा न्हाई, माळावर नुसतं वाळकं कुसळ. आन् म्हणे भूत.

चैत्र वद्य २

दोन दिवस आश्रुबाबरोबर माळावर बसले. बाभळीखाली, भाकर बांधून. लोक हसले. हसू देत.

एकटी तुंगा न्हाई! आणखी दोन म्हशी हाडं हुंगतात, एक तर वारुळाची माती चाटते. त्यांचे मालक मात्र गप्प. सगळ्या कळपात एकच जनावर हाडाजवळून सरळ पुढं जातं. सिदू तेल्याचा बैल. घाण्याला जुंपायचा नसला की तोबी इथंच येतो, तेच कुसळ खातो.

मी विचारलं, "ह्यो कावून खात न्हाई रे?"

आश्रुबा म्हणाला, "त्याला काय कमी हाय माय? घरी करडीची पेंड खातो."

भाकर हातातच राहिली. तिला जे माळावर घावत न्हाई, ते ती हाडात शोधतेय!

चैत्र वद्य ३

भावजींना पेंड मागितली. "इकायच्या म्हशीला पेंड?" एवढं बोलून दुकानात गेले.

मग मी सरळ सिदूच्या घाण्यावर गेले. म्हणाले, तुझी करडी पाखडून, निवडून देते. बदल्यात पेंड दे. त्याचा चेहरा पडला. "दुकानदाराच्या घरच्या बाईनं माज्या घान्यावर बसायचं? मला गावात ऱ्हायचंय माय."

"मलाबी ऱ्हायचंय," म्हणाले. सूप उचललं आन् बसले.

चैत्र वद्य ४

शिंका, शिंका, शिंका! नाकात भुस्सा. पण पदरात पेंड हाय.

चैत्र वद्य ७

घाई केली. येड्यासारखी घमेलंभर पेंड एकदम घातली. आज तुंगाचं पोट फुगलं, शेण पाण्यासारखं, रवंथ बंद. दिवसभर अंग चोळत बसले. ओवा, हिंग, गूळ दिला. मनात आलं, मीच मारली हिला. संध्याकाळी एकदा तोंड हललं, मग परत हललं. रवंथ! मी रडले. कुणी बघितलं न्हाई.

चैत्र वद्य ११

आता शिस्त. मूठभर पेंड रात्री भिजवायची, सकाळी उरल्यासुरल्या कडब्याचे तुकडे करून त्यात कालवायची, वर मीठ. चार दिवसांनी एक मूठ वाढवायची. माळावर जाण्याआधी पाणी, आल्यावर पाणी.

वैशाख शुद्ध ५

भावजींना कळलं. ओसरीवर उभं राहून — "तेल्याच्या घान्यावर! आमची लाज काडली तुमी!" मी म्हणाले, "जनावर उपाशी ठेवायची लाज न्हाई वाटली, आन् कष्टाची वाटते?" एवढं मोठ्यानं मी ह्या घरात कधी बोलले नव्हते. पण बोलले!

वैशाख शुद्ध ८

गव्हाणीच्या कडेला गव्हाचा कोंडा. टोपलीभर, झाकून ठेवलेला. कुणी ठेवला? घरात पीठ चाळते एकच. नीलम्माला विचारलं तर म्हणाली, "मला काय म्हाईत अक्का," आन् पदराआड हसली.

वैशाख वद्य १

आश्रुबा सांगत आला — काल हाड हुंगलं आन् सोडलं!

वैशाख वद्य ६

आज हुंगलंबी न्हाई.

ज्येष्ठ शुद्ध ३

चरवी अर्धी भरली. पाय मोकळे टाकते. कातडीला तकाकी आलीय, डबक्यातून निघाली की जांभळासारखी चमकते. भावजींना सांगितलं, चला बघा. ते म्हणाले, "बघायचं तर पंचांसमोर. आन् पावसाच्या आधी. हिरवं आलं की कुनीबी हाड सोडंल."

बरोबर बोलले. मला तेच पाहिजे होतं.

ज्येष्ठ शुद्ध ९

लिहिताना हात थांबत न्हाई!

सकाळी सगळं गाव ओढ्याकाठी. पंच बाभळीखाली, बायका बांधावर. भावजींनी जुनी हाडं गोळा करून वाटेत आडवी टाकायला लावलेली. पलीकडं सुकलेल्या हरळीचा एवढासा तुकडा. तुंगाला काल संध्याकाळपासून दावणीलाच ठेवलेली — पेंड न्हाई, वैरण न्हाई. ही अटबी त्यांचीच.

मी तिला ओढ्यापाशी आणून दावं सोडलं. ती चालली. हाडांपाशी आली, थांबली. नाक खाली घातलं. मागून कुणीतरी बोललं — "खातीय बघा!"

तिनं फुर्रकन नाक झाडलं, हाडांवरून पाय टाकला आन् हरळीला तोंड लावलं!

आश्रुबानं पटका उडवला. सिदू तर नाचायलाच लागला — "माज्या घान्याची पेंड! माज्या घान्याची!" मी पंचांसमोर गेले. डोक्यावरचा पदर नीट केला आन् म्हणाले, "भूत नव्हतं. भूक होती. आणखी दोघांच्या म्हशी हाडं हुंगतात, नावं घेत न्हाई. त्यांनीबी पेंड घाला, कोंडा घाला, मीठ घाला."

दोन गडी खाली बघायला लागले. बायका हसल्या, ह्या खेपेला माझ्यावर न्हाई.

भावजी उठले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. लई वेळ फिरवला. मग म्हणाले, "वैनी, चुकलं माजं." सगळ्यांसमोर!

आषाढ शुद्ध २

दुकानातून पेंडीचं पोतं आलं. न मागता. तरी मी दुपारी सिदूकडं करडी निवडायला जातेच. शब्द दिलाय. आन् खरं सांगायचं तर, तिथं बसायला मला आवडतं.

श्रावणातला पहिला सोमवार

चरवी काठोकाठ. फेस उतू गेला. नीलम्मा म्हणाली, "अक्का, मी धरू?" दोघींनी मिळून महादेवाला नेली. पिंडीवर धार पडली तेव्हा मी काही मागितलं न्हाई. मागण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. घरी येऊन दोघी भांडंभर ताक प्यालो.

भाद्रपद शुद्ध १

शेजारच्या चकलांबा गावाहून दोन माणसं आली होती. तिथं सगळा कळप हाडं चघळतोय, सात म्हशी मेल्या. म्हणाले, तुमच्या घरच्या बाईला पाठवा, ती बघंल आन् सांगंल. मी माजघरातून ऐकत होते. वाटलं, आता भावजी न्हाई म्हणणार. कपाळ पांढरं झाल्यापासून बारा वर्षं, मी ह्या गावची शीव ओलांडलेली न्हाई.

हे गाडीत बसून लिहिते. अक्षर हलतंय. शीव मघाशीच मागं पडली. बैल भावजी हाकतायत.