कोरी बाही

५ एप्रिल, मंगळवार. लातूर
सकाळपासून नुसती झाडलोट. जिल्हा नवा झाला तेव्हापासून आमच्या कस्टमच्या हपिसात सारखं कुणी ना कुणी बघायला येऊन राहिलंय. ह्या शनिवारी औरंगाबादचे मोठे साहेब येणार. बायको, शांता, पहाटेपासून टँकरच्या रांगेत, दोन घागरी मिळाल्या तर नशीब, अन् हितं मी टँकरच्या पाण्यानं फरशी धुतोय! शिपाई हाय, फरशी धुवायची लाज न्हाई. पण तेवढं पाणी गटारात जाताना बघवलं न्हाई.

संध्याकाळी आमच्या साहेबांनी आत बोलावलं. "किसन, सलामीला हवालदार पाहिजे. जागा रिकामी दिसली तर मोठे साहेब माझ्यावर उखडतील. तुझी बढतीची ऑर्डर निघालीय, पोस्टात असेल. फिती लाव तू."
खरं वाटलं. यादीत पहिलं नाव माझंच हाय की.

७ एप्रिल, गुरुवार
साहेबांनी हपिसातून फिती दिल्या. शांतानं हौसेनं शिवल्या, त्या उलट्या, टोक वर करून. परत उसवल्या. तिला सांगितलं, शिपायाची बाही कोरी, हवालदाराच्या बाहीवर तीन फिती, अन् बड्यांच्या खांद्यावर तारे.
"म्हंजे मोठा होईल तसं वर चढत जातं," ती म्हणाली.
व्हय. अन् काम खाली उतरत येतं. हे बोललो न्हाई, तिचा मूड चांगला होता. गल्लीत साखर वाटून आली.

९ एप्रिल, शनिवार
झाली एकदाची सलामी. मोठे साहेब गाडीतून उतरले, मान पुसली, सरळ आत. माझ्या बाहीकडं ढुंकून बघितलं न्हाई. आधी अंघोळीला पाणी मागितलं. दोन बादल्या! आमचे साहेब टॉवेल घेऊन दाराबाहेर उभे, खांद्यावर तारे अन् हातात टॉवेल. शिसारी आली.

१० एप्रिल, रविवार. गावी
मायनं निरोप धाडला होता, खाकी डिरेसवर ये. औश्याला एसटी बदलून दुपारी पोचलो. आमच्या बौद्धवाड्याचा आड होळीलाच आटलाय. पाणी फक्त नाना पाटलाच्या विहिरीला. त्याचा गडी शेंदतो अन् आमच्या बायांच्या घागरीत वरून ओततो. दोराला हात लावायचा न्हाई. अर्धं पाणी मातीत जातं, तरी लावायचा न्हाई.

नाना विहिरीवरच होता. परवापरवापर्यंत "ए किसन्या" म्हणायचा. आज फिती बघितल्या अन् उठून उभा राह्यला. "या हवालदार, बसा." बांधावरून मारामारीची केस चालू हाय त्याची. पोलीस अन् कस्टम त्याला एकच, खाकी दिसली म्हंजे झालं. म्हणाला, "ठाण्यात वळख आसंलच की तुमची." मी हां बी म्हणालो न्हाई, ना बी.
मग मायला म्हणाला, "म्हातारे, घे तुझ्या हातानं शेंदून. तुमच्या बाकीच्या बायांना बी सांग."

मायनं दोर धरला. ह्या विहिरीवर पहिल्यांदा. घागर काठोकाठ काढली. डोळे पुसत हसत होती. मला आनंद व्हायला पाहिजे होता, झाला बी. पण नानानं आमच्यासाठी ठेवलेल्या फुटक्या कपात न्हाई, घरातल्या कानाच्या कपात चहा दिला, तो मी तसाच खाली ठेवला. मी तोच, माय तीच, पाणी तेच. बाहीवर चार बोटं कापड चिकटलं तर विटाळ जातो व्हय रे तुझा!

१५ एप्रिल, शुक्रवार
ऑर्डर आली. माझी न्हाई. नांदेडचा एक शिपाई बढतीवर हवालदार होऊन येतोय.
साहेब पान चघळत म्हणाले, "काढ त्या फिती. काम झालं ना आपलं. सोमवारी जमा कर, खात्याच्या आहेत."
"साहेब, यादीत माझं..."
"यादी असते रे. अन् हे बघ, बिनाऑर्डरच्या फिती घातल्या म्हणून कुणी अर्ज केला तर नोकरी जाईल. मला काही माहीत नव्हतं, असंच मी सांगणार."
हसत सांगितलं. थू! नोकरीची गरज नसती तर तिथंच तोंडावर बोललो असतो. घरी येऊन शांताला म्हणालो, उसव. ती ब्लेड घेऊन बसली.

१७ एप्रिल, रविवार. गावी
साधा पांढरा शर्ट घालून गेलो. फिती खिशात, उद्या जमा करायच्या म्हणून. मायला सगळं सांगितलं. वाटलं रडंल. चुलीत काडी सारत म्हणाली, "मंग आता परत वरून वततील." आठवडाभर वाड्यातल्या सगळ्या बाया स्वतः शेंदून राहिल्यात. शेजारची बाळंतीण बी.
म्हणाली, "आन त्या हिकडं."
"माय, नोकरी जाईल."
"तू नको घालू. पाऊस पडूस्तोवर माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मंग दे तुझ्या सायबाला."

माझा जुना खाकी शर्ट सरपणाला जाताना लुगड्यावर घालते ती. तोच काढला, दिवा पुढं ओढला, फिती शिवल्या. टोक खाली, बरोब्बर. मी बघत बसलो. अडवायला पाहिजे होतं. अडवलं न्हाई.

१८ एप्रिल, सोमवार
पहाटेच्या गाडीला निघताना बघितलं. मायनं शर्ट दोरीवर वाळत घातलाय, फितीची बाही विहिरीकडं करून. वाड्यात तोंड धुवायला पाणी न्हाई, कपडे कोण धुतंय! पण नाना तेवढा विचार करणार न्हाई. तो फितीच बघतो.
विहिरीवर बाया आल्या होत्या. दोर त्यांच्या हातात होता.

घरी खाकी चढवून हपिसात गेलो. गेल्या गेल्या साहेब म्हणाले, "आणल्यास का?"
"विसरलो साहेब."
माझ्या कोऱ्या बाहीकडं बघितलं त्यांनी, उसवल्याची भोकं दिसतात अजून. "उद्या आण. उद्या नवा हवालदार हजर होतोय, त्याला लावायच्यात."
आभाळात ढग न्हाई एक.