कानाखाली लिहिलेली सनद

पुजाल्त गाव, मोंतेल्स परगणा
संत मार्टिनच्या सणानंतरचा तिसरा दिवस. साल पाद्रीबाबा सांगतात: फ्रँकांच्या राजाचं बाविसावं. त्या राजाला आम्ही कधी पाहिलं नाही, त्यानं आम्हाला पाहिलं नाही; पण तारीख त्याचीच घालायची असते म्हणे.

धाकट्या भावाला, मिरोला, थोरल्या बोनादोनाचे अनेक आशीर्वाद.

तू जिवंत आहेस हे मिठाच्या खेचरवाल्याकडून कळलं. डोंगरापलीकडच्या मठाची मेंढरं राखतोस, गुडघे धरतात आणि दात चारच उरलेत म्हणे. माझे सहा आहेत. म्हणजे अजून थोरली मीच.

लिहून घेताहेत आमचे पाद्रीबाबा सुन्येर. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नाही. एक म्हातारी बोलणार, एक म्हातारा ऐकणार, आणि मधल्यामध्ये दोन शहाणी माणसं डोळे फोडून घेणार.

मिरो, बातमी अशी आहे की आधी बूड टेकव. आपला परगणा मेला!

आपण आईबापांबरोबर डोंगर उतरून आलो तेव्हा इथं काटेरी झुडपं आणि रानडुकरं, दुसरं काय होतं? मग म्हातारा काउंट आला. पूल बांधला, गुरुवारचा बाजार भरवला, स्वतःच्या तोंडाचं नाणं पाडलं. नाण्यावर तो बोकडासारखा दिसायचा, पण सोनाराचा दोष नव्हता. पुढे त्याच्या तीन पोरांनी परगणा भाकरीसारखा मोडून तीन तुकडे केले, ज्यानं त्यानं आपापला किल्ला चढवला, आणि नातवाच्या हाती उरला तो पूल आणि पुलावरची जकात. तो नातू या उन्हाळ्यात गेला, मूल ना बाळ. आता सगळं समुद्राकाठच्या मोठ्या काउंटच्या पदरात पडलं. साठ वर्षांत उगवला आणि मावळलाही. माझ्याहून धाकटा परगणा, आणि माझ्याआधी गेला! मला रडू यायला हवं होतं. मी मात्र सकाळपासून घरभर नुसती नाचतेय, कारण पुढचं ऐक.

नव्या धन्याचा कारभारी गावोगाव फिरतोय. ज्या गावाकडे सनद, त्यांची जमीन त्यांची. ज्यांच्याकडे नाही, ते जमिनीला बांधलेले, गोठ्यातल्या बैलासारखे. गाव सोडायचं तर धन्याला मोल, पोरगी परगावी द्यायची तर मोल. माझी नात आदालेदा, वसंतात तिचं लग्न आहे, नदीपलीकडच्या गावात. खालच्या खोऱ्यात काय झालं ठाऊक आहे? लग्नाची वरात पुलावर अडवली.

म्हाताऱ्या काउंटनं गावाला दिलेली आपली सनद गेली. कशी गेली ते राहू दे, जुनी गोष्ट आहे.

पण कारभाऱ्याबरोबर न्यायाधीश येतोय, आणि पाद्रीबाबा म्हणतात, हरवलेली सनद पुन्हा लिहिता येते! ज्यांनी काउंटला तिच्यावर खूण करताना डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हाचं वाचन कानांनी ऐकलं, अशा दोघांनी वेदीवर हात ठेवून ती म्हणून दाखवायची. दोघांनी. एकानं चालत नाही.

आठवतं ना तुला? अक्रोडाखाली वाचन चाललं होतं तेव्हाच काउंटनं हजर असलेल्या प्रत्येक पोराच्या कानाखाली एकेक वाजवली, जन्मभर लक्षात राहावं म्हणून. तू हसलास, म्हणून तुला दोन. आपण अकरा पोरं होतो. नऊ मातीत गेली. आता जगात तीनच थपडा शिल्लक आहेत: एक माझी, दोन तुझ्या.

संत अँड्र्यूच्या सणाला न्यायाधीश वेदीपाशी बसणार. खेचरवाल्याबरोबर नीघ. खिंडीत बर्फ पडायच्या आत.

तुझा द्राक्षमळा चांगला आहे. पाद्रीबाबा, ते वाक्य खोडा. नाही खोडत म्हणतात. लिहायचं कातडं महाग आहे, बोलायच्या आधी विचार कर म्हणतात. सत्तरीत आता कुठं शिकू?

वाट पाहणारी,
बोनादोना

*

पुजाल्त, संत सेसिलियाचा दिवस

मिरो,

आशीर्वाद यावेळी देत नाही. का ते कळेल.

तुझं उत्तर आलं. एकच ओळ. पाद्रीबाबांनी वाचली आणि मला ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा वाचली. ‘चोराच्या शपथेनं गाव सोडवायचं असेल, तर आधी चोर कोण ते ठरवा.’ बरोबर बोललास. चोर ठरलेल्याची साक्ष न्यायाधीश घेत नाही, हे मला आधीच ठाऊक होतं. मागच्या पत्रात ते मी गिळलं. नाचत होते ना, नाचता नाचता गिळता येतं.

आता ऐक. पाद्रीबाबांनी हे रविवारी सगळ्या गावाबरोबर ऐकलंय, म्हणून आज त्यांची लेखणी अडखळत नाही.

माझी गिस्ला तेव्हा सात महिन्यांची होती. तीन दिवस ताप उतरेना, दूध धरेना. सनद तुझ्या घरी पेटीत, गावानं तुला राखायला दिलेली. तू वर कुरणावर होतास. किल्ली कुठं असते हे बहिणीला ठाऊक नसणार तर कोणाला? माझ्या मनात एकच. ज्या अक्षरांमुळं प्रत्यक्ष काउंट आपल्याला हात लावत नाही, त्यांच्यापुढं तापाची काय बिशाद? वर देवाचं नाव, खाली क्रूस. शेळीचं दूध कोमट केलं, सनद त्यात बुडवली, चोळली. दूध काळं झालं. ते बोटानं थेंब थेंब पोरीला पाजलं.

ती भडाभडा ओकली, घामानं निथळली, आणि सूर्य मावळायच्या आत माझं बोट चोखायला लागली.

मला वाटलं होतं, अक्षरं थोडी फिकट होतील, कुणाच्या लक्षात येणार आहे? पाहते तर कातडं कोरं. ते चुलीत घातलं. शाई होती तोवर देव, शाई गेल्यावर नुसतं बकरीचं कातडं, जळताना तसाच वास.

मग सुगीच्या सणाला सनद वेदीवर ठेवायला म्हणून पेटी उघडली. रिकामी. कोणी ओरडलं, ‘शेजारच्या सरदाराला विकली मिरोनं!’ तू माझ्याकडे पाहिलंस. गिस्ला माझ्या कडेवर होती. मी तिच्या टोपड्याची नाडी बांधत बसले. किती वेळ लागतो रे एक नाडी बांधायला?

तुला दगड मारले तेव्हाही मी तीच बांधत होते.

आणि तुझा मळा गावानं मला दिला, सख्खी बहीण म्हणून. एकोणचाळीस वर्षं मी तो छाटला, त्याची वाइन प्यायले, पाहुण्यांना पाजली. वाइन चांगली होते. चांगली झाली नसती तर बरं वाटलं असतं.

आता रविवारचं. न्यायाधीश वीव्हास बर्फाच्या भीतीनं आधीच येऊन राहिलाय, पाद्रीबाबांचे अक्रोड संपवतोय. प्रार्थना संपली आणि मी उठून उभी राहिले. हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग माझी गिस्ला, आता स्वतः सासू व्हायला निघालेली, म्हणाली, “म्हणजे आई, गावाची सनद मी प्यायले?”

“अर्धी. अर्धी ओकलीस.”

मागून लोहार एर्मेंगोल गरजला, “मग हिलाच न्यायाधीशापुढं उभी करा आणि वाचा!”

काही हसले. जास्त हसले नाहीत. लोहाराच्या बापानं तुझ्यावर पहिला दगड टाकला होता. त्याला एकदम ते आठवलं असावं, खाली बसला. एक म्हातारी माझ्या पायाशी थुंकली. बरोबर केलं.

न्यायाधीशानं मला पुढं बोलावलं. “आजीबाई, शपथेवर खोटं बोललात?”

“नाही साहेब. मला कोणी विचारलंच नाही. साठ वर्षांच्या परगण्यात बाईला पहिल्यांदा तुम्हीच विचारताय.”

दाढीत हसला की खोकला, कळलं नाही. पण निर्णय मोठ्यानं दिला आणि पाद्रीबाबांकडून लिहून घेतला: मिरो निर्दोष, त्याची साक्ष ग्राह्य. माझी साक्षही घेणार म्हणतो, पण ती एकटी पुरणार नाही, आणि दुसरी चांगल्या माणसाची हवी. “चांगल्या माणसाची” हे शब्द त्याचे. कारभारी मात्र संत अँड्र्यूच्या पुढं एक दिवस थांबणार नाही. तू आला नाहीस तर तिसऱ्या दिवशी आमची नावं बैलांच्या यादीत.

मिरो, मी इतकी घाबरलेय आणि इतकी हलकी झालेय की खिडकीतून उडेन असं वाटतं! गावात रोज तालीम चालते. मी अक्रोडाखाली बसून सनद म्हणते, अख्खी, “जो कुदळीनं रान मोडील आणि तीस वर्षं राखील त्याचं ते रान”, इथपासून. ओढ्यापर्यंत येते आणि अडकते. ओढ्यापलीकडच्या कुरणाचं काय म्हटलं होतं? तिथंच तुला दुसरी बसली आणि मी तुझ्याकडे पाहत राहिले. ते वाक्य जगात फक्त तुझ्या डाव्या कानात आहे.

मळा आज तुझ्या नावावर लिहून दिला. तू आलास तरी, नाही आलास तरी. हे आमिष नाही, हे उशिराचं आहे.

आलास तर माझ्याशी बोलायची सक्ती नाही. वेदीवर हात ठेव, म्हण, आणि हवं तर वळून जा. आदालेदाची वरात पूल ओलांडील, तेवढं तुझ्यामुळं झालं असं मी जन्मभर सांगेन. जन्म फार उरला नाही, पण आवाज मोठा आहे.

पाद्रीबाबा विचारताहेत, शेवटी ‘तुझी बहीण’ लिहू ना? मी म्हटलं, नको. एका शब्दाची जागा मोकळी सोडा. तो शब्द त्यानं यावं आणि तोंडानं भरावा, जो असेल तो. मी ऐकून घेईन.

तुझी . . . . . . . .
बोनादोना