कानातला रातकिडा

अंबड, १२ मार्च १९९६

ती. रखमाजीकाका,
तुम्ही घर सोडून गेल्यापासून तुमचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, तरी नमस्कार.

वर्षभरापासून माझ्याही कानात रातकिडा किरकिरतो. आज दवाखान्यात डोक्याला तारा चिकटवल्या. कोरड्या डोक्याने गावाला जाऊ नये म्हणून आईने तेल चोपडले होते, त्यामुळे त्या दोनदा सुटल्या. मग कानात टकटक आवाज सोडून यंत्राने नोंद घेतली.

डॉक्टर म्हणाले, "आवाज मेंदूपर्यंत बराबर जातो. काही दोष नाही."

"मंग हा किडा कुठं ओरडून राह्यला?"

"ते यंत्राला सांगता येत नाही."

काका, तुम्हीही किडाच सांगत होता, तेव्हा आम्ही तुम्हाला बांधून देवऋष्याकडे नेले. दोरीचे एक टोक मी धरले होते. रिपोर्टात काही दोष नाही हे पाहून मलाही तिकडेच नेतील. म्हणून आईला म्हटले, किडा गेला.

ती दोरी अजून गोठ्यातच आहे.

तुमचा पुतण्या,
कडूबा